दोन उपेक्षित निबंध

गेल्या आश्विनांत आमच्या वडील वहिनी माजघराच्या उंबरठ्यास अडखळून पडल्या. वय अठ्ठ्याहत्तर. डोक्यास खोक पडली नव्हती कीं रक्त आलें नव्हतें. परंतु संध्याकाळपर्यंत त्या एकच प्रश्न पुनःपुन्हां विचारूं लागल्या, तेव्हां घरांतील सर्वांचे चेहरे उतरले. रात्रींच त्यांस इस्पितळांत नेलें. तेथें एका मोठ्या कड्यासारख्या यंत्रांत त्यांस निजविलें, थोड्याच मिनिटांत बाहेर काढलें, आणि कवटीच्या आंत कोठेंहि रक्तस्राव नाहीं असें डॉक्टरांनीं सांगितलें. दोन दिवसांनीं वहिनी घरीं आल्या, आणि दिवाळीच्या करंज्या त्यांच्याच देखरेखीखालीं झाल्या.

त्याच दिवाळींत वहिनींचा नातू, म्हणजे आमच्या पुतण्याचा मुलगा, घरीं आला होता. तो क्ष-किरणशास्त्रांतील डॉक्टर असून एका मोठ्या संस्थेंत संशोधन करितो. आजीचीं चित्रें त्यानें उजेडाकडे धरून पाहिलीं, घरांतील मुलांस समजावून दिलीं. पण त्याच्या तोंडावर नेहमींचा उल्हास नव्हता. फराळ झाल्यावर कारण कळलें. चार वर्षें खपून त्यानें दोन निबंध प्रसिद्ध केले होते. त्यांस तीन वर्षें होऊन गेलीं, तरी इतर विद्वानांनीं आपल्या लेखनांत त्यांचा उल्लेख अवघा चार वेळां केला होता. बढतीचा प्रश्न निघाला तेव्हां हा आंकडा त्याच्यापुढें ठेवण्यांत आला. “अण्णाआजोबा, जें कोणी वाचीत नाहीं तें लिहावें तरी कशाला? त्यापेक्षां स्वतःचा दवाखाना काढलेला बरा,” असें तो म्हणाला. त्याच्या वडिलांनीं मान डोलाविली. आई कांहीं बोलली नाहीं. वहिनींनीं मात्र विचारलें, “अरे, मला ज्या कड्यांत घातलें तें प्रथम कोणाच्या डोक्यांतून निघालें?”

ह्या प्रश्नाच्या उत्तरांत पुढील चार संध्याकाळी गेल्या. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत व पुढें पाठशाळेंत संस्कृताचें. विज्ञानांत आम्ही उपरे आहों. पण नातवानें मूळ साधनें काढून वाचून दाखविलीं, अर्थ सांगितला, आणि आम्हीं शिक्षकाच्या सवयीनें उलट प्रश्न विचारून तो पक्का करून घेतला. त्यांतून जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

विद्वत्तेचा प्रभाव मोजण्याची हल्लींची रीत पुष्कळांस ठाऊक नसेल, म्हणून ती आधीं सांगतों. शास्त्रज्ञ निबंध लिहितो तेव्हां ज्या पूर्वसूरींचा त्यानें आधार घेतला त्यांच्या लेखनाचा निर्देश करितो. अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड यांनीं अशा निर्देशांची एक प्रचंड सूचि सिद्ध करून १९६४ सालीं प्रसिद्ध केली. हेतु उत्तम होता. एखाद्या जुन्या निबंधाचा धागा पुढें कोणीं कोणीं ओढला हें त्या सूचीवरून शोधतां येतें. पण जेथें गणना आली तेथें तुलना आलीच. नियतकालिकांची प्रतिष्ठा ठरवितांना मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांस चालू वर्षीं किती उल्लेख मिळाले हें पाहण्याची चाल पडली. पुढें २००५ सालीं हिर्श नांवाच्या भौतिकशास्त्रज्ञानें व्यक्तीकरितांहि एक अंक सुचविला. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकीं निदान दहा वेळां उल्लेख झाला, पण अकरांचा अकरा वेळां झाला नाहीं, त्याचा अंक दहा. परीक्षेचे गुण मांडण्यांत आमचें आयुष्य गेलें, त्यामुळें गुणांची सोय आम्हीं जाणतों. आणि गुणांनीं कोणकोणते विद्यार्थी आमच्या नजरेआड राहिले हेंहि जाणतों.

आतां मुख्य कथा. राँटजेन यांस १८९५ सालच्या नोव्हेंबरांत क्ष-किरणांचा शोध लागला व मनुष्याच्या जिवंत शरीरांतील हाडें दिसूं लागलीं. परंतु क्ष-किरणांचें चित्र म्हणजे अखेर सांवली. भिंतीवर पडलेल्या सांवलींत पुढचा माणूस व मागचा माणूस एकजीव होतात, तसे शरीरांतील सर्व थर त्या कांचेवर एकावर एक पडतात. मेंदूची तर फारच अडचण. तो मऊ, आणि भोंवतीं कवटीचें कठीण कवच. सांवली पडते ती कवटीची. १९१९ च्या सुमारास अमेरिकेंतील शस्त्रवैद्य वॉल्टर डँडी यांनीं पाठीच्या कण्यांतून हवा भरून ती मेंदूच्या पोकळ्यांत चढवावी व मग चित्र घ्यावें अशी युक्ति काढली. तिनें निदान होई, पण रोग्याचें डोकें असह्य दुखे व ओकाऱ्या होत. पुढें अर्धें शतक कित्येक रोग्यांस ह्या दिव्यांतून जावें लागलें. आमच्या वहिनी त्या काळीं पडत्या तर काय झालें असतें ह्याचा विचार करवत नाहीं.

सांवल्यांवरून आंतील वस्तु कशी ओळखावी, हा प्रश्न मुळांत गणिताचा आहे. तो आम्हीं घरांतील मुलांस पाटीवर घालून दिला. वाचकांनींहि सोडवून पाहावा. चार खणांचा एक चौकोन काढा, दोन खण वर व दोन खालीं. प्रत्येक खणांत एक अंक दडलेला आहे. वरच्या ओळीची बेरीज ७, खालच्या ओळीची ३, डाव्या रांगेची ६ आणि उजव्या रांगेची ४. अंक कोणते? एका मुलानें वर ५ व २, खालीं १ व २ असे मांडले. दुसऱ्यानें वर ४ व ३, खालीं २ व १ असे मांडले. दोघांचेंहि बरोबर! मग आम्हीं आणखी एक गोष्ट सांगितली: डाव्या वरच्या कोंपऱ्यापासून उजव्या खालच्या कोंपऱ्यापर्यंतची तिरपी बेरीज ७ आहे. आतां पहिलेंच उत्तर टिकतें. नारायण पंडितानें १३५६ सालीं लिहिलेल्या ‘गणितकौमुदीं’त भद्रगणिताचें स्वतंत्र प्रकरण आहे, तेथें बेरीज आधीं ठरवून त्याप्रमाणें अंक मांडावयाचे असतात. येथें उलट, बेरजा मोजून दडलेले अंक हुडकावयाचे. शरीरांतून एका रेषेंत गेलेला किरण वाटेंत किती शोषला गेला हें मोजणें म्हणजे त्या ओळीची बेरीज कळणें. पुरेशा निरनिराळ्या दिशांनीं बेरजा घेतल्या, तर आंतील प्रत्येक खण उकलतो.

ॲलन कॉरमॅक यांचा जन्म १९२४ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील जोहान्सबर्ग शहरीं झाला. वडील टपालखात्यांत इंजिनिअर, आई शिक्षिका. केप टाउनच्या विद्यापीठांत ते प्रथम विद्युत्-यंत्रशास्त्र शिकूं लागले व पुढें पदार्थविज्ञानाकडे वळले. नंतर केंब्रिज येथें संशोधन केलें, पण पदवी पुरी न करितां १९५० सालीं केप टाउनला अध्यापक म्हणून परतले. १९५५ सालीं तेथील ग्रूट स्कूर इस्पितळांतील पदार्थवैज्ञानिक नोकरी सोडून गेले. किरणोत्सर्गी द्रव्यें वापरावयाचीं तर योग्य शिक्षण घेतलेला पदार्थवैज्ञानिक देखरेखीस हवा असा त्या देशाचा कायदा होता, आणि अणुगर्भाचें शास्त्र जाणणारे शहरांत कॉरमॅकच होते. म्हणून १९५६ सालचे पहिले सहा महिने त्यांस आठवड्यांतून दीड दिवस इस्पितळांत बसावें लागलें.

तेथें त्यांनीं एक गोष्ट पाहिली. कर्करोगाच्या गांठीवर किरण सोडतांना त्याची मात्रा जणूं सारें शरीर एकाच पदार्थाचें आहे असें धरून ठरवीत. हाड, मांस, फुप्फुस यांत किरण सारखे शोषले जात नाहींत हें सर्वांस ठाऊक होतें. पण कोणत्या ठिकाणीं किती शोषले जातात हें आंत न शिरतां कळावें कसें? कॉरमॅक यांनीं ताडलें कीं हा आपल्या पाटीवरील कोड्याचाच प्रश्न आहे. खण मात्र चार नव्हेत, असंख्य. एवढा साधा प्रश्न गेल्या शतकांतच कोणीं सोडविला असला पाहिजे असें वाटून त्यांनीं ग्रंथ धुंडाळले, गणितज्ञांस विचारलें. कोणासच सांगतां येईना. अखेर त्यांनीं तो स्वतः सोडविला.

१९५७ सालीं त्यांनीं पहिला प्रयोग केला. मध्यें ॲल्युमिनियमचा वर्तुळाकार ठोकळा, भोंवतीं ओकच्या लांकडाचें कडें. एका बाजूनें कोबाल्टचे गॅमा किरण सोडावयाचे व दुसऱ्या बाजूस मोजावयाचे. गणित करून पाहतां उत्तर जुळलें. फक्त ठोकळ्याच्या अगदीं मधल्या भागांत आंकडे किंचित् वांकडे येत. दुसरा कोणी असता तर ती प्रयोगाची चूक समजून सोडून देता. कॉरमॅक यांनीं कारखान्यांत चौकशी केली, तेव्हां कळलें कीं त्या ठोकळ्याच्या मध्यभागीं थोड्या निराळ्या शोषणाची एक खुंटी बसविलेली आहे! न फोडतां वस्तूच्या पोटांतील गोष्ट गणितानें सांगितली होती. हें ऐकतांना वहिनींनीं नकळत आपल्या कपाळास हात लावला.

पुढें कॉरमॅक अमेरिकेंत टफ्ट्स विद्यापीठांत प्राध्यापक झाले. मुख्य काम अणुगर्भाच्या शास्त्राचें. हा विषय सवडीचा. दुसऱ्या प्रयोगांत त्यांनीं कवटीच्या जागीं ॲल्युमिनियमचें कडें, मेंदूच्या जागीं पारदर्शक प्लॅस्टिक आणि त्यांत गांठींच्या जागीं ॲल्युमिनियमच्या दोन चकत्या ठेविल्या. त्या चकत्या गणितांतून जागच्या जागीं उमटल्या. हें सर्व त्यांनीं १९६३ व १९६४ सालीं ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’ ह्या नियतकालिकांत दोन निबंधांच्या रूपानें प्रसिद्ध केलें. पहिल्या निबंधाच्या मथळ्यांतच क्ष-किरणशास्त्रांतील उपयोगाचा उल्लेख होता.

परिणाम काय झाला? जवळजवळ कांहींच नाहीं. निबंधाची प्रत मागविणाऱ्या पत्रांत सर्वांत मौजेचें पत्र स्वित्झर्लंडमधील हिमप्रपातांचा अभ्यास करणाऱ्या केंद्राकडून आलें. डोंगरावर सांचलेल्या बर्फाचे थर ह्या रीतीनें मोजतां येतील काय, अशी त्यांची जिज्ञासा होती. त्यासाठीं बर्फाखालीं डोंगरांत यंत्र पुरावें लागलें असतें. वैद्यकाच्या कामासाठीं लिहिलेल्या निबंधाचा वाचक हिमकड्यांवर निघाला, आणि वैद्यक गप्प राहिलें. कॉरमॅक यांनीं कोठें गाऱ्हाणें केलें नाहीं. ते आपल्या अध्यापनाकडे वळले.

ज्या १९६४ सालीं गारफील्डची सूचि निघाली त्याच सालीं कॉरमॅक यांचा दुसरा निबंध छापला जावा, हा योगायोग लक्षांत घेण्यासारखा आहे. दोन वर्षांच्या मापानें मोजणाऱ्यानें त्या दोन निबंधांपुढें त्या वेळीं काय मांडलें असतें हें सांगावयास नको.

ह्याहून विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. सुमारें चौदा वर्षांनंतर कॉरमॅक यांस कळलें कीं हा प्रश्न ऑस्ट्रियन गणिती योहान राडॉन यांनीं १९१७ सालींच सोडविला होता. महायुद्धाचा काळ, निबंध जर्मन भाषेंत, लायप्सिक येथील विद्वत्सभेच्या कार्यवृत्तांत छापलेला. त्यांत रोग नव्हता कीं यंत्र नव्हतें. केवळ शुद्ध गणित होतें. राडॉन १९५६ सालच्या मे महिन्यांत व्हिएन्ना येथें वारले. त्याच सहामाहींत केप टाउनच्या इस्पितळांत एक तरुण अध्यापक त्यांचेंच कोडें पुन्हां प्रथमपासून घालून बसला होता. भवभूतीनें भावी समानधर्म्यावर भरंवसा ठेविला हें संस्कृत वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. राडॉनचा समानधर्मा जन्मास आला, कामासहि लागला. पण दोघांची गांठ पडली नाहीं.

आतां वहिनींच्या कड्याकडे येऊं. तें प्रत्यक्षांत आणलें इंग्लंडांतील ई.एम.आय. कंपनीचे इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनीं. त्यांस विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांनीं १९६७ च्या सुमारास हा विचार स्वतंत्रपणें काढला. कॉरमॅकच्या निबंधांवरून नव्हे. पहिला प्रयोग त्यांनीं कांतयंत्राच्या सांगाड्यावर केला. वस्तूच्या एका छेदाचीं मापें घेण्यास नऊ दिवस लागले, आणि सुमारें अठ्ठावीस हजार मापांचा हिशेब करण्यास मोठ्या गणकयंत्रास अडीच तास. पुढें डॉक्टर जेम्स ॲम्ब्रोज यांच्या साह्यानें लंडनजवळ विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली इस्पितळांत १ ऑक्टोबर १९७१ रोजीं एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूचा छेद प्रथम पाहण्यांत आला. मेंदूंत गांठ असल्याचा संशय होता. चित्रांत ती काळ्या गोलाच्या रूपानें दिसली. त्या चित्रांत उभे ऐंशी व आडवे ऐंशी असे ६४०० खण होते. आमच्या पाटीवरील चार खणांचाच तो विस्तार. हें काम १९७२ सालीं विद्वानांपुढें मांडलें गेलें, तेव्हां सर्व जगाचे डोळे त्याकडे लागले.

ह्या कथेंत आपल्या देशाचेंहि एक पान आहे. एर्नाकुलम येथें जन्मलेले थोर शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांनीं ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह १९७१ सालीं सांवल्यांवरून मूळ आकृति काढण्याची एक सुटसुटीत गणितरीति अमेरिकेंतील राष्ट्रीय विज्ञानसभेच्या कार्यवृत्तांत प्रसिद्ध केली. त्या रीतींत सांवलीचे आंकडे एका गणिती गाळणींतून गाळून घ्यावे लागतात. दोघांच्या नांवांचीं आद्याक्षरें जोडून जगभरचीं पाठ्यपुस्तकें त्या गाळणीस ‘राम-लाक’ म्हणतात. नातवानें हें नांव परीक्षेकरितां पाठ केलें होतें. तें कोणाचें हें त्यास त्या संध्याकाळींच कळलें.

१९७९ सालचें वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक कॉरमॅक व हाउन्सफील्ड यांस विभागून देण्यांत आलें. दोघांपैकीं एकहि वैद्य नव्हता, आणि अभ्यास करून मिळविलेली डॉक्टरेट एकाजवळहि नव्हती. कॉरमॅक १९९८ सालीं वारले.

कथा येथवर आली तेव्हां नातू म्हणाला, “अण्णाआजोबा, पण हाउन्सफील्डनें कॉरमॅकचे निबंध वाचलेच नव्हते, मग त्या निबंधांचा प्रभाव तो काय?” प्रश्न मार्मिक होता, आणि आम्हांस त्याचें उत्तर द्यावयास एक रात्र लागली. यंत्र त्या निबंधांतून निघालें असें म्हणणें खोटें होईल. परंतु यंत्र निघाल्यावर, तें जें चित्र दाखवितें तें विश्वासार्ह कां, किती दिशांनीं बेरजा घेतल्या म्हणजे पुरे, हे प्रश्न उभे राहिले. तेव्हां राडॉन व कॉरमॅक यांचें गणित कागदावर तयार होतें. कॉरमॅक स्वतःहि १९७० नंतर पुन्हां ह्याच विषयाकडे वळले. बरोबर असलेला निबंध कपाटांत पडून राहिला तरी चुकीचा होत नाहीं. धान्याच्या कोठारांत पेंव भरून ठेवावें तसा तो असतो. दुष्काळ पडेपर्यंत त्याची कोणास आठवण होत नाहीं.

ह्याचा अर्थ उपेक्षित तेवढें सर्व थोर, असा मात्र घेऊं नये. आम्हीं नातवास तसें मुळींच सांगितलें नाहीं. पुष्कळसें लेखन विसरलें जातें तें योग्यच असतें. कॉरमॅकचे निबंध टिकले ते त्यांत खुंटीसारखी लहान विसंगतिहि झांकली नव्हती म्हणून, आणि दुसऱ्यास पुन्हां करून पाहतां येईल इतकें सर्व स्पष्ट लिहिलें होतें म्हणून. आम्हीं त्यास एवढेंच विचारलें, “तुझे दोन निबंध उद्यां कोणीं ताडून पाहिले तर टिकतील काय?” तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “एक टिकेल. दुसऱ्यांत एक घाई झाली आहे.” आम्हांस हें उत्तर त्याच्या सर्व गुणपत्रिकांहून अधिक आवडलें.

आणि दुसरीहि बाजू आहे. राडॉनचा निबंध कॉरमॅकपर्यंत पोंचता तर एका बुद्धिमान् माणसाचे श्रम वांचते. कॉरमॅकचे निबंध वैद्यांपर्यंत वेळीं पोंचते तर रुग्णांची ती हवा भरण्याची यातना कदाचित् कांहीं वर्षें आधीं थांबती. न वाचणें हाहि एक दोष आहे, आणि त्याची किंमत तिसराच कोणी तरी इस्पितळाच्या खाटेवर भरतो. आपल्याकडे पोथ्या लिहिणाऱ्याइतकेंच त्या जतन करून नकलून ठेवणाऱ्याचें पुण्य मानीत. हल्लींच्या विद्वानांस लिहिण्याची घाई फार. दुसऱ्याचें जुनें काम शोधून वाचण्यास गुण मिळत नाहींत, म्हणून तिकडे कोणी वळत नाहीं.

दिवाळी संपली, नातू परत गेला. मार्गशीर्षांत त्याचें पत्र आलें. त्यानें दवाखान्याचा विचार तूर्त लांबणीवर टाकला आहे. घाईच्या निबंधाची दुरुस्ति तो प्रसिद्ध करणार आहे. त्या निमित्तानें जुनीं नियतकालिकें चाळतां त्यास आपल्याच विषयावरील एक तीस वर्षांपूर्वींचा निबंध सांपडला. त्यांत त्याच्या कामाचा अर्धा भाग आधींच केलेला होता. पत्रांत पुढें लिहिलें होतें, “प्रथम वाईट वाटलें, मग हंसूं आलें. त्या निबंधाचा उल्लेख आजवर कोणींच केलेला दिसत नाहीं. आतां मी करीन.”

आम्हीं तें पत्र वहिनींस वाचून दाखविलें. त्या वाती वळीत होत्या. त्यांनीं सारें ऐकून घेतलें व विचारलें, “मग पगार वाढला का त्याचा?” आम्हीं “नाहीं” म्हटलें. “वाढेल,” त्या म्हणाल्या, “त्याला लिही, तो माणूस अजून असेल तर आधीं त्याला कळवावें म्हणावें.” आम्हीं त्याच संध्याकाळीं तसें लिहिलें.